दूरस्थ आंतरवासिता : विद्यार्थ्याला अनुभव, संस्थेला साहाय्य

अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात आपल्या ग्रामीण भागातील पदवीधर तरुण वारंवार अडकतो. महानगरातील विद्यार्थ्याला कारखाना, अधिकोष किंवा वृत्तपत्राची कचेरी बसच्या अंतरावर असते. धडगाव किंवा भामरागडसारख्या भागातील विद्यार्थिनीला मात्र अशा ठिकाणी महिनाभर काम शिकावयाचे म्हटले, तर प्रवास, निवास व भोजन या तिन्हींचा भार कुटुंबाला पेलावा लागतो. बहुधा तो पेलत नाही आणि शिक्षणातील एक आवश्यक टप्पा कागदोपत्रीच पार पडतो.

ही उणीव काही अंशी भरून काढू शकणारा मार्ग म्हणजे दूरस्थ आंतरवासिता होय. विद्यार्थ्याने आपल्या गावी किंवा महाविद्यालयात राहून, दूरध्वनी व इंटरनेटच्या साहाय्याने एखाद्या आस्थापनेचे ठरावीक काम ठरावीक मुदतीत पूर्ण करावे, असे तिचे स्वरूप आहे.

धोरणातील स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने व्यवसायाभिमुख व अनुभवाधिष्ठित शिक्षणावर भर दिला. त्याच वर्षी कोविडच्या साथीमुळे महाविद्यालये बंद पडली. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रयोगशाळेतील किंवा क्षेत्रीय पाहणीच्या कामाऐवजी उपलब्ध आकडेवारीवर अथवा संगणकीय साधनांवर आधारित प्रकल्प देण्याचा विचार करावा, असे विद्यापीठांना सुचविले. निकडीपोटी सुरू झालेल्या या पद्धतीची उपयुक्तता नंतरही टिकून राहिली.

महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प व समाजसेवा यांना अभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान दिले. पदवी विद्यार्थ्यांच्या आंतरवासितेसंबंधी आयोगाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम अपेक्षित आहे. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी ६० तास आणि चार श्रेयांकांसाठी १२० तास. आठवड्याला २० तास काम केल्यास चार श्रेयांकांचा प्रकल्प सहा आठवड्यांत पूर्ण होतो. या सूचनांत डिजिटल माध्यमातून काम करण्यासही वाव ठेवला आहे.

ही आंतरवासिता म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील उमेदवारी नव्हे. त्या उमेदवारीत नोंदणीकृत करार व विद्यावेतन बंधनकारक असते. आंतरवासिता हा विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. म्हणून तिच्याकडे विनामूल्य मनुष्यबळ म्हणून पाहणे सर्वथा अनुचित ठरेल.

प्रकल्प कसा असावा?

यजमान संस्था मोठी कंपनीच असली पाहिजे असे नाही. सहकारी दूधसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रंथालय, लघुउद्योग किंवा ग्रामपंचायतही यजमान होऊ शकते. मात्र प्रश्न एकच असावा, तो स्पष्ट असावा आणि त्याचे उत्तर संस्थेला खरोखर हवे असावे.

समजा, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीला असे जाणून घ्यावयाचे आहे की, उन्हाळी कांदा चाळीत ठेवून दोन महिन्यांनी विकल्यास वाढीव भावाने साठवणुकीतील घट भरून निघते काय? बाजार समित्यांतील दैनंदिन आवक व भाव केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राचा विद्यार्थी घरी बसून पहिल्या आठवड्यात विषय समजून घेईल. पुढील दोन आठवड्यांत तो लासलगाव, पिंपळगाव बसवंत व सोलापूर येथील तीन वर्षांचे भाव संकलित करील. चौथ्या आठवड्यात कंपनीने पुरविलेल्या घटीच्या नोंदींशी ते ताडून पाहील, पाचव्यात तक्ते तयार करील आणि सहाव्यात चार पानी मराठी अहवाल संचालकांपुढे मांडील. यातून विद्यार्थ्याला आकडे वाचण्याची दृष्टी लाभते आणि कंपनीला निर्णयासाठी आधार मिळतो.

सर्वच कामे दुरून होत नाहीत. रुग्णसेवा, यंत्रशाळेतील कौशल्य किंवा मृदापरीक्षण शिकावयाचे तर प्रत्यक्ष हजर राहण्यावाचून गत्यंतर नाही. भाषांतर, माहितीचे वर्गीकरण, हिशेबाचे विश्लेषण, माहितीपत्रकांचे लेखन, जुन्या छायाचित्रांची सूची अशी कामे मात्र दूरस्थ पद्धतीस अनुकूल आहेत.

यजमानाची कर्तव्ये

दूरस्थ प्रकल्प फसतात ते बहुधा विद्यार्थ्याच्या आळसामुळे नव्हे, तर मार्गदर्शनाच्या अभावी. कार्यालयात बसलेला शिकाऊ शेजारच्या मेजावर विचारून अडचण सोडवितो. दूर असलेला विद्यार्थी संकोचाने गप्प राहतो आणि आठवडा वाया जातो. म्हणून संस्थेने एक मार्गदर्शक नावानिशी नेमावा. त्याने आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी दूरध्वनीवरून बोलावे आणि अपुऱ्या कामावर वेळीच अभिप्राय द्यावा. एवढा वेळ देणे शक्य नसेल, तर विद्यार्थी न स्वीकारणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

कामाचे स्वरूप, तास, मुदत व विद्यावेतन देणार किंवा नाही, हे आरंभीच लेखी ठरवावे. शेतकऱ्यांची नावे, भ्रमणध्वनी व बँक खात्यांचे क्रमांक वगळूनच माहिती विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे भान येथे ठेवले पाहिजे. अखेरच्या प्रमाणपत्रात ‘काम समाधानकारक’ एवढेच न लिहिता, विद्यार्थ्याने नेमके काय केले ते नमूद करावे. नोकरीच्या मुलाखतीत त्याच्या उपयोगी पडेल ते हेच.

शिक्षक व पंचायतींचा वाटा

आंतरवासिता देतो म्हणून विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेणाऱ्या आणि कामावाचून प्रमाणपत्रे देणाऱ्या मंडळींपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य आहे. यजमान संस्था खरी आहे काय, तेथे मार्गदर्शक आहे काय, याची खातरजमा आधी व्हावी. घरात एकच भ्रमणध्वनी असणाऱ्या विद्यार्थिनीसाठी महाविद्यालयाने संगणक कक्ष सायंकाळपर्यंत खुला ठेवावा. ग्रामपंचायतीलाही आपल्या कार्यालयातील इंटरनेट जोडणीचा लाभ ठरावीक वेळी तिला देता येईल. वीज व जोडणी यांच्या खोळंब्याचा विचार करून मुदतीत थोडी सवलत ठेवणे न्यायाचे होईल.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट करावी. आपल्या गावाचे जे काम केवळ कोणी बसून आकडे मांडले नाहीत म्हणून अडले आहे, त्याची एक यादी करून जवळच्या महाविद्यालयाकडे पाठवावी. पाणीपट्टीची मागील पाच वर्षांतील मागणी व वसुली हा एक विषयही आरंभासाठी पुरेसा आहे. ज्या विद्यार्थिनीला शहर गाठता आले नाही, तिच्यापर्यंत काम पोहोचविण्याची सुरुवात अशा एका यादीपासून होऊ शकते.