क्षयजंतूचे कुलूप

डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या, तेव्हा या रोगाचा जंतू अज्ञात राहिला नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ सालीच दाखवून दिला होता. शत्रू ओळखला गेला, पण शस्त्र मिळायला आणखी साठ वर्षे लागली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पुढे ते आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही बनू लागले. १९५२ साली आयसोनियाझिडची स्वस्त गोळी आली. गुण येई, पण तो येतो कसा, हे कोडेच होते.

क्षयजंतूच्या अंगावर मेणचट कवच असते. ते घडवणाऱ्या कारागिरांना विकरे, म्हणजेच एन्झाइम, म्हणतात. त्यांतल्या ‘इन्-एच्-ए’ नावाच्या विकरावर संशोधकांचे लक्ष गेले. पण विकराची घडण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. म्हणून खडीसाखरेसारखे त्याचे स्फटिक बनवतात. स्फटिकात असंख्य रेणू शिस्तीने ओळीत बसतात. त्यांतून क्ष-किरण सोडले, की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयातील साकेटिनी, जेकब्स प्रभृतींनी १९९५ साली या विकराचे असे चित्र मिळवले.

खरी गंमत १९९८ सालच्या चित्राने उलगडली. गोळीतले औषध एकटे असता फारसे काही करीत नाही. जंतूचेच दुसरे विकर, ‘कॅट-जी’, त्याला चेतवते. मग ते इन्-एच्-एच्या मदतनीस रेणूशी जोडले जाऊन त्याच्या खोबणीत घट्ट बसते. कारागिराचा हात अडकतो, कवच अपुरे राहते, जंतू मरतो. आपल्याच हाताने आपला घात, तो असा!

निघोज्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. खाचेत केसभर फरक पडला, तर भाग बसत नाही. कोट्यवधी जंतूंत एखाद्याचे कॅट-जी बिघडलेले असते, एखाद्याची खोबणी किंचित बदललेली असते. तेथे गोळी लागू पडत नाही. म्हणूनच साध्या क्षयावर आरंभी चार औषधे एकदम देतात आणि उपचार सहा महिने चालवतात. एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडतो.

घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचा खोकला दोन महिन्यांत थांबतो, अंगावर मांस चढते आणि पाळीच्या धावपळीत गोळ्या सुटतात. मागे उरतात ते नेमके चिवट जंतू. आणि ते त्याच्या खोलीपुरते राहत नाहीत. सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात. शास्त्रज्ञांनी कुलपाचा नकाशा काढून दिला आहे. सहा महिने न चुकता किल्ली फिरवणे मात्र रोग्याच्या आणि त्याच्या माणसांच्या हाती आहे.