तेल गरम, पाणी थंड

सकाळी 6.40
मे महिना. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून मिस्त्री लवकर निघालेत. मोटरसायकलला पान्यांची पिशवी. मागं पोरगा, मांडीवर फिल्टरचे खोके. पोराची रोजी 400 रुपये.

7.15
गोंदिया-तिरोडा रस्त्यावरची राईस मिल. 250 केव्हीएचा जनरेटर काल तापून बंद पडला. पुढं तिरोड्याला 3,300 मेगावॅटचं वीज केंद्र आहे. तरी वादळ सुटलं की इथली लाईन जाते आणि धानाची भरडाई अर्ध्यावर थांबते.

चौकीदारानं पहाटे पुन्हा चालवून पाहिलाय. इंजिन अजून चटका देतं. पोरगा रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेतो.

"थांब गा! तोंड भाजशील."

आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की उसळून अंगावर येतं. मिस्त्रींच्या मनगटावर एक जुना पांढरा डाग आहे. मी विचारलं नाही.

7.30
तेल मात्र गरमच सोडायचं. पातळ असतं, गाळ घेऊन निघतं. काळी धार ट्रेमध्ये पडत राहते. नव्या फिल्टरमध्ये आधी तेल भरतात, रबरी वायसरला बोटानं तेल लावतात, मग हातानंच आवळतात.

9.00
झाकण उघडलं. पाणी विटकरी.

"बोअरचं टाकलं का जी?"

"कूलंट महाग पडते ना, भाऊ," ऑपरेटर म्हणतो.

बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. बाहेरून जाळीवर भुसा, त्यावर तेलाचा चिकटा. दोन्हीकडून गळा आवळलेला. एवढ्या महागाच्या यंत्राला हे पाणी पाजायचं, ही काटकसर मला कळत नाही.

पंख्याची हवा जाते त्याच्या उलट बाजूनं कॉम्प्रेसर मारला. भुशाचा ढग उठला. पोरानं दुपट्टा नाकाला बांधला. आतून तीनदा धुतल्यावर पाणी नितळ आलं.

10.45
वीस लिटर कूलंट, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. मॅनेजर दोनदा भाव विचारून जातो. मिस्त्री अंगठ्यानं पट्टा दाबून बघतात. कड चिरलेली. नवा घातला.

11.50
जनरेटर सुरू. आधी रिकामा, मग लोडवर. मिस्त्री पत्र्याला टेकून तंबाखू मळतात, नजर काट्यावर. 78. 82. 85. तिथंच थांबला.

12.40
मजुरी 1,500. त्यातून पोराचे 400, पेट्रोल 100. पॅनलवर खडूनं लिहिलं: आज 1,862 तास, पुढची सर्विस 2,162.