ट्रॉलीचा पुढचा पाय

ऊंसाचा हंगाम जवळ आला म्हणजे ट्रॅक्टरचें तेल, चाकांतील हवा, मागील दिवे यांकडे आपण लक्ष पुरवितों; परंतु दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीस पुढें जो लोखंडी पाय बसविलेला असतो, ज्यास सर्वत्र जॅक म्हणतात, त्याची आठवण तो वांकल्यावांचून कोणास होत नाहीं. बैलगाडी सोडल्यावर तिला लांकडाचा टेकू देत, तो सुटा असल्यामुळें गाडी निघतांना मागेंच राही. हा नवा पाय मात्र गाडीसच जडलेला आहे. तो उचलावयाचा राहिला तरी गाडी निघते, आणि तेथेंच घात होतो.

गेल्या हंगामांत माझ्याच ट्रॉलीवर हा प्रसंग आला. ऊंस भरून झाला, पुतण्यानें पिन घातली, जॅकचा दांडा पांच-सहा वेळां फिरविला आणि पाऊल जमिनीपासून चार बोटें उचललेलें पाहून “काका, सुटला” म्हणून हांक दिली. मी शेजारींच उभा होतों. महसूल खात्यांत वर्षानुवर्षें दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यांत गेलीं, पण ही नोंद वांकून तपासावी असें कांहीं मला सुचलें नाहीं. शेतांतील वाट सपाट होती तोंवर सर्व ठीक चाललें. चारीचा बांध ओलांडतांना मात्र खाडकन् आवाज झाला. उतरून पाहतों तों आंतली नळी मागें वांकलेली आणि दांडीवरील जोड तडकलेला. तोडलेला ऊंस दोन दिवस उन्हांत पडला, त्याचें वजन घटलें तें निराळेंच.

असें बांधावरच कां व्हावें, हें समजून घेण्याजोगें आहे. जॅक हा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या आणि ट्रॉलीच्या चाकांच्या दरम्यान लोंबत असतो. ट्रॅक्टर बांध ओलांडून पलीकडे उतरला आणि ट्रॉलीचीं चाकें अद्याप अलीकडेच आहेत, अशा वेळीं दांडी एखाद्या सांकवाप्रमाणें दोन्ही बाजूंस टेकते व बांधाचा माथा तिच्या पोटाशीं येतो. सपाटीवर चार बोटें दिसणारें अंतर तेथें उरतच नाहीं. शिवाय भरल्या गाडीचे टायर दबतात. ओल्या काळ्या रानांत चाकें चाकोरींत रुततात, पण मधला उंचवटा तसाच राहतो. यासाठीं पाय नुसता सुटून भागत नाहीं, तो फिरेल तितका पूर्ण वर घ्यावा. जॅकचें मळसूत्र उभें ओझें पेलण्यासाठीं केलेलें असतें. आडवा धक्का त्यास मुळींच सोसत नाहीं. नळी थोडी जरी वांकली तरी ती बाहेरच्या नळींत अडकूं लागते व आटे खराब होतात.

कांहीं ट्रॉल्यांचा जॅक खिळीभोंवतीं फिरवून आडवा करतां येतो. ही सोय उत्तम खरी, परंतु खीळ भोंकांतून आरपार गेली आहे व तिला चाप लागला आहे, हें नुसतें डोळ्यांनीं न पाहतां हातानें ओढून पाहावें. अर्धवट बसलेली खीळ हादऱ्यांनीं निसटते आणि पाय भर रस्त्यांत खालीं येतो. नवा जॅक बसविल्यावर मोकळ्या जागीं ट्रॅक्टर दोन्ही अंगांस हळूहळू पूर्ण वळवून, जॅकचा दांडा मागच्या टायरला घासत नाहीं ना, तेंही पाहून घ्यावें.

एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या जोडण्याची आपल्याकडे वहिवाटच पडली आहे. दुसऱ्या ट्रॉलीचा जॅक चालकास आपल्या बैठकीवरून दिसत नाहीं. सबब ज्यानें पिन घातली त्यानेंच दोन्ही पाय वर घेऊन चालकास तसें सांगावें, आणि तसें सांगितल्याखेरीज चालकानें गाडी हालवूं नये. हें काम ‘कोणीतरी करील’ म्हणून सोडलें कीं तें होत नाहीं.

वांकलेला जॅक तापवून सरळ करून घेण्याचा मोह मलाही झाला. एका दुकानांत तो ठोकून दिला, रंगही लावला. तिसऱ्या दिवशीं भरलेली ट्रॉली सोडतांना आटे निसटले आणि दांडी धाडकन् जमिनीवर आली. पुतण्या बाजूस उभा होता म्हणून त्याचा पाय वीतभर अंतरानें वांचला. ५ टन मालाचा दहावा हिस्सा जरी दांडीवर आला असें धरलें, तरी तें ५०० किलो होतें. त्याच दिवशीं मीं नवा जॅक आणला.

तेव्हांपासून आमच्याकडे भरली ट्रॉली शक्यतों सोडीतच नाहींत. सोडावीच लागली तर आधीं चाकांस दोन्हीकडून उटी लावतात, मऊ जमीन असल्यास पावलाखालीं जाड फळी देतात, आणि दांडीचा भार पिनेवरून उतरल्यावरच पिन काढतात. जॅकवर उभी असलेली ट्रॉली ढकलीत नाहींत. तींत माल भरीत अथवा उतरवीतही नाहींत. मागचा ऊंस आधीं काढला तर सारें ओझें जॅकवर येतें, पुढचा आधीं काढला तर दांडी एकदम वर उसळते, यास्तव तेवढा वेळ ट्रॅक्टर जोडलेलाच बरा.

पावसाळ्यांत आंतल्या नळीस चिखल लागतो. तसाच पाय वर घेतला तर तो चिखल नळींत जाऊन वाळतो व दुसऱ्या खेपेस दांडा फिरत नाहीं. मग गडी जोर करून दांडाच वांकवितात. याकरितां आम्हीं ट्रॅक्टरवर एक फडकें कायमचें बांधून ठेविलें आहे. नळी पुसावयाची, मग पाय वर घ्यावयाचा, आणि महिन्यांतून एकदां मळसूत्रास ग्रीस द्यावयाचें.