शेजारच्या सीटवरचा गुरू : वेगाच्या शाळेतले अपघात आणि त्यांची कारणं

आजचा विषय थोडा वेगळा आहे. गाडी चालवायला शिकवणारी शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ‘एल’ची पाटी लावलेली, दुहेरी पेडलची छोटी गाडी येते. आज आपण ज्या शाळांबद्दल बोलणार आहोत, त्या लायसन्स मिळाल्यानंतरच्या. तिथे बंद ट्रॅकवर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वेगाने गाडी कशी हाताळायची ते शिकवतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात या शाळा गेली कित्येक दशकं आहेत. आपल्याकडेही ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा कारी ट्रॅक इथे अशी सत्रं होतात आणि पुण्या-मुंबईहून हौशी मंडळी तिकडे जातात. म्हणून हा विषय समजून घेणं आपल्याही कामाचं आहे.

सुरुवात इतिहासापासून करू. अमेरिकेतली एक अतिशय नावाजलेली शाळा अपघातातूनच जन्माला आली. बॉब बॉन्डुरंट हा मोठा रेसर. 1967 साली वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर त्याच्या गाडीचं स्टिअरिंग तुटलं आणि तो जबर जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शाळेची कल्पना मांडली आणि 1968 साली ती सुरूही केली. ‘विनिंग’ या चित्रपटासाठी अभिनेता पॉल न्यूमनने त्याच्याकडेच धडे घेतले. विचार साधा होता : गाडी हातातून सुटते तेव्हा काय होतं, हे माणसाने सुरक्षित जागी आधीच अनुभवलेलं असावं.

आता प्रश्न असा की, जागा जर ‘सुरक्षित’ आहे, तर तिथे माणसं दगावतात कशी? दोन घटना घेऊ.

पहिली, 15 ऑक्टोबर 2013. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड रेसवे नावाचा ट्रॅक आहे, विलोबँक इथे. शॉन एडवर्ड्स हा 26 वर्षांचा ब्रिटिश रेसर तिथे एका तरुणाला शिकवत होता. पोर्शची शर्यतीची गाडी, तरुण स्टिअरिंगवर, एडवर्ड्स शेजारच्या सीटवर. गाडी ट्रॅक सोडून कठड्यावर आदळली. एडवर्ड्स गेला, चालवणारा जबर जखमी झाला, पण वाचला. एडवर्ड्स काही नवखा नव्हता. त्याच वर्षी न्युरबुर्गरिंगची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूत तो होता आणि पोर्श सुपरकपच्या गुणतक्त्यात तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता. 1976 साली निकी लाउडाला जळत्या गाडीतून बाहेर काढणाऱ्यांपैकी एक, गाय एडवर्ड्स, हे त्याचे वडील.

दुसरी घटना 12 एप्रिल 2015 ची, अमेरिकेतल्या फ्लोरिडामधली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ट्रॅकवर पैसे भरून महागड्या स्पोर्ट्स कार चालवण्याचा उपक्रम चालत असे. एक 24 वर्षांचा तरुण लॅम्बोर्गिनी चालवत होता, शेजारी 36 वर्षांचे प्रशिक्षक. ताबा सुटला, गाडीची प्रशिक्षकाकडची बाजू लोखंडी गार्डरेलवर आदळली. प्रशिक्षक जागीच गेले, चालवणारा वाचला.

दोन देश, दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्या. पण एक गोष्ट समान आहे : दोन्ही वेळा प्राण गेला तो शिकवणाऱ्याचा. सगळ्यात जास्त अनुभव असलेला माणूस गाडीतल्या सगळ्यात हतबल जागी बसलेला होता. असं का होतं, ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा, वेळ. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. सरळ रस्ता संपून वळण येतंय आणि ते वळण ताशी 90 ने घ्यायचं आहे. चांगले टायर, कोरडा ट्रॅक, ब्रेक पूर्ण दाबला, तर 180 वरून 90 वर यायला सुमारे 96 मीटर लागतात. आता समजा शिकणाऱ्याने ब्रेक 20 मीटर उशिरा दाबला. 20 मीटर म्हणजे फक्त 0.4 सेकंद, आपण ‘ब्रेक’ हा शब्द उच्चारतो तेवढाच वेळ. तर वळणाच्या तोंडाशी वेग किती असेल? 90 च्या ऐवजी सुमारे 115. तुम्ही म्हणाल, पंचवीसचाच तर फरक! पण वळताना लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 90 ला जेवढी पकड लागते, तिच्यापेक्षा 115 ला 60 टक्क्यांहून जास्त लागते. आणि 90 लाच जर टायर त्यांच्या मर्यादेवर असतील, तर ही जास्तीची पकड येणार कुठून? येत नाही. गाडी सरळ बाहेर जाते.

आता प्रशिक्षकाची अडचण बघा. त्याला आधी दिसायला हवं की ब्रेक लागलेला नाही. मग तो बोलणार. ते इंजिनाच्या आवाजात, हेल्मेटच्या आत शिकणाऱ्याला ऐकू यायला हवं, कळायला हवं आणि मग पाय हलायला हवा. या सगळ्याला दीड-दोन सेकंद सहज जातात, म्हणजे 75 ते 100 मीटर. वळण तोवर मागे पडलेलं असतं. आपल्या ‘एल’ पाटीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी ब्रेक असतो. या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा नसतो. हात लांब करून स्टिअरिंग थोडं ओढता येतं, एवढंच.

दुसरा टप्पा, घाबरलेला पाय. वळणाच्या मधोमध वेग जास्त वाटला की नवशिका काय करतो? अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढतो. रोजच्या रस्त्यावर ही सवय चांगली. मर्यादेवर चालणाऱ्या गाडीत मात्र ती घातक ठरू शकते. पाय काढला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून मागचा भाग बाहेर फेकला जातो. लॅम्बोर्गिनीचं इंजिन चालकाच्या पाठीमागे असतं, पोर्श 911 चं तर मागच्या चाकांच्याही मागे. मागे वजन असलं की एकदा सुरू झालेलं फिरणं आवरणं कठीण. घसरगाडीवर, ओल्या पटांगणावर हाच प्रसंग शाळा मुद्दाम पन्नास वेळा घडवून आणतात, ते याचसाठी. ज्या उपक्रमात माणूस सकाळी येतो, अर्ध्या तासाची माहिती ऐकतो आणि थेट दोनशेच्या गाडीत बसतो, तिथे ही सवय मोडायला वेळच मिळत नाही.

तिसरा टप्पा, उष्णता. घाट उतरताना ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ट्रॅकवर तेच घडतं, फक्त कितीतरी वेगाने. दीड हजार किलोची गाडी 180 वरून 90 वर आणली, तर ब्रेकमध्ये जिरणाऱ्या ऊर्जेत साधारण साडेचार लिटर पाणी उकळीला येईल. तेही अडीच-तीन सेकंदांत, आणि प्रत्येक मोठ्या वळणाला पुन्हा पुन्हा. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे जुनं तेल लवकर उकळतं. उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून चांगल्या शाळेत तेल आणि पॅड ठरलेल्या मुदतीत बदलतात आणि सत्राची शेवटची फेरी हळू चालवायला लावतात.

चौथा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा : गाडी सुटल्यावर ती कुठे जाते? शिकताना चूक होणारच, ती होऊ द्यायलाच तर शाळा आहे. मग त्या चुकीची किंमत ठरते ती ट्रॅकच्या कडेवर. मोकळी जागा असेल तर गाडी गरगर फिरते, धूळ उडते, थोडं हसं होतं. भिंत असेल तर हिशोब बदलतो. ताशी 100 ने समोरासमोर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबलं, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 80 पट झटका येतो. तोच वेग दोन मीटरमध्ये जिरला, तर 20 पट. टायरचे थर आणि मऊ भिंती करतात ते एवढंच : थांबायचं अंतर वाढवतात. अमेरिकेत इंडियानापोलिसला 2002 साली बसवलेली स्टील आणि फोमची ‘सेफर’ भिंत याच तत्त्वावर आहे.

गार्डरेलचं काम आणखी वेगळं. तिरकी आलेली गाडी तिला घासत पुढे जावी, अशी ती रचलेली असते. 100 चा वेग आणि 15 अंशांचा कोन असेल, तर भिंतीच्या दिशेने येणारा वेग फक्त 26 च्या आसपास. पण त्याच गार्डरेलचं उघडं टोक गाडीच्या वाटेत आलं, तर तिचा भाला होतो. फ्लोरिडाचा ट्रॅक बांधला गेला तो इंडी गाड्यांच्या शर्यतींसाठी, घड्याळाच्या उलट दिशेने धावण्यासाठी. पहिली शर्यत 1996 ची. 2015 च्या त्या दिवशी मात्र गाड्या घड्याळाच्या दिशेने धावत होत्या. दिशा उलटली की आडोसे, टोकं, उघड्या जागा सगळ्यांचे अर्थ उलटतात. अपघातानंतर मोटरस्पोर्टमधल्या जाणकारांनी बोट ठेवलं ते नेमकं यावर.

शेवटचा टप्पा माणसाच्या मनाचा. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला ‘हळू’ म्हणणं अवघड असतं. त्याला मजा हवी असते आणि मालकाला समाधानी ग्राहक. शिकणाऱ्यालाही तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाटू लागतं, आता जमलं. प्रत्यक्षात तेव्हा फक्त भीती कमी झालेली असते, कौशल्य तेवढंच असतं. अशा वेळी गाडी आत घ्यायला लावण्याचा अधिकार प्रशिक्षकाला असायलाच हवा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारता कामा नये.

मग उपाय काय? काही शाळांमध्ये प्रशिक्षक पुढच्या गाडीत असतो, विद्यार्थी त्याच्या मागोमाग येतो आणि सूचना रेडिओवरून मिळतात. वेग आपोआप प्रशिक्षकाच्या हातात राहतो, आणि तो दुसऱ्याच्या चुकीच्या वाटेत बसलेला नसतो. तोटा असा की विद्यार्थ्याचे हात-पाय नेमके काय करताहेत, ते त्याला दिसत नाही. जिथे शेजारी बसूनच शिकवतात, तिथे दोन्ही सीटना सारखीच सुरक्षा हा नियम हवा. चालकाला शर्यतीचा पट्टा आणि मान धरून ठेवणारं उपकरण, आणि प्रशिक्षकाला साधा सीटबेल्ट, असं चालणार नाही. आणि आवाज ऐकू यायला हेल्मेटमध्ये इंटरकॉम हवाच.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढं सगळं ऐकल्यावर जाऊच नये का? जावं. अंगात वेग असलेल्या माणसाने तो एक्सप्रेस वेवर दाखवण्यापेक्षा ट्रॅकवर जिरवलेला शंभर पट बरा. फक्त पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. पहिल्या दिवशी कमी वेगाचे घसरण्याचे सराव आहेत का? ब्रेकचं तेल कधी बदललं? ट्रॅक ज्या दिशेसाठी बांधला, त्याच दिशेने चालवणार ना? वळणांच्या बाहेर मोकळी जागा किती आहे? रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर आहेत का? स्वतःची गाडी नेणार असाल, तर विम्याची पॉलिसी उघडून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो.

आणि एक सहावी गोष्ट, जी कुणाला विचारायची नाही, आपणच ठरवायची. शेजारच्या माणसाने ‘ब्रेक’ म्हटलं की का, कशाला हे मनातही न आणता पाय दाबायचा. त्याच्या हातात स्टिअरिंग नाही, पायाशी पेडल नाही. त्या क्षणी त्याच्याकडे तेवढा एक शब्दच असतो.

आता प्रश्न घेऊ या.