बोरघाटाची धाकटी बहीण

श्रीलंकेला जाऊन आलेलं कुणी भेटलं की मी पहिला प्रश्न विचारते, बदुल्ल्याची गाडी केली का? बहुतेकांनी नानू ओया ते एल्ला एवढाच टप्पा केलेला असतो. दारात उभं राहून फोटो काढायचे, एल्ल्याला उतरायचं, खाली थांबलेल्या व्हॅनमध्ये बसायचं आणि पुढच्या हॉटेलात. मला खरोखर हळहळ वाटते. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनातून सकाळी निघणारी गाडी सुमारे २९० किलोमीटरचा प्रवास करून संध्याकाळी बदुल्ल्याला पोचते. नारळीच्या बागा आणि भातखाचरं मागे टाकत ती सहा हजार फुटांच्या वर चढते, चाळीसच्या वर बोगदे पार करते आणि पलीकडच्या उतारावर उतरते. नऊ-दहा तास लागतात, कधी त्याहून जास्त. हा देश कसा घडला हे त्या खिडकीतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही गाईडकडून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझं आजोळ लोणावळ्याचं. घाट चढून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजावर आम्ही मुलं झोपायचो आणि उठायचो. त्यामुळे बोरघाटाच्या बांधणीबद्दल मिळेल ते वाचायचं वेड लहानपणीच लागलं, आणि त्याच वाचनातून मी श्रीलंकेत पोचले. त्याला कारण एक कंत्राटदार, विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तो मार्ग बांधण्याचं कंत्राट फॅव्हिएल आणि त्यांचे भागीदार फाउलर यांचं होतं. पुढे बोरघाटाचं अवघड कामही फॅव्हिएल यांनीच घेतलं. ते मात्र त्यांच्या हातून पुरं झालं नाही. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीच्या थकबाकीवरून खंडाळ्याला मजुरांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर फॅव्हिएल यांनी काम सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आले आणि थोड्याच दिवसांत वारले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन घाट पुरा करवला. या बाईंचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात यायला हवं. १८६३ मध्ये बोरघाटातून गाड्या सुरू झाल्या.

आणि त्याच १८६३ मध्ये फॅव्हिएल यांनी सिलोनमधल्या कोलंबो-कँडी मार्गाचं कंत्राट घेतलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा उघडून किती तरी वेळ बसले होते. रुळांची रुंदीही तीच, साडेपाच फूट. २७ डिसेंबर १८६४ रोजी कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत पहिली गाडी गेली आणि १८६७ मध्ये रूळ कँडीला पोचले. मधे आडवा होता कडुगन्नावाचा घाट. बोरघाटात चढ दर ३७ फुटांना एक फूट असा आहे, कडुगन्नावाला ४५ फुटांना एक. म्हणजे चढ किंचित सौम्य, पण वळणं फार आवळलेली आणि कड्याच्या अगदी काठावरून जाणारी. खंडाळ्याचा घाट पाहून वाढलेल्या माणसाला ही त्याची धाकटी बहीण आहे हे सांगावं लागत नाही.

रंबुक्कना स्टेशन सोडलं की इंजिनाचा सूर बदलतो. इथून वर एकेरी मार्ग. रबराची झाडं मागे पडतात, एका अंगाला कडा येतो आणि दुसऱ्या अंगाला दरी उघडते. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं आणि समोर बटलेगलाचा सपाट माथ्याचा सुळका. बलना नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. कँडीच्या राजांची इथे चौकी असे आणि खालून येणाऱ्या पोर्तुगीज फौजांशी याच खिंडीत लढाया झाल्या. किनारा आधी पोर्तुगिजांनी आणि मग डचांनी घेतला, तरी हे डोंगरी राज्य १८१५ पर्यंत स्वतंत्र राहिलं. ते कसं टिकलं असेल याचं उत्तर चढणाऱ्या गाडीतून आपोआप मिळतं. कडुगन्नावाला २०१४ पासून रेल्वेचं संग्रहालय आहे. कँडीला निघालेल्यांनी तिथे मुद्दाम उतरावं.

बाकी श्रीलंका थोडक्यात सांगते. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून जरा जास्त. सिगिरियाचा खडक, अनुराधपुर, पोलोन्नरुवा, कँडीचा दंतधातू असलेला दलदा मालिगावा, गॉलचा किल्ला, यालाचं जंगल, हे सगळं बघायलाच हवं आणि त्याची माहिती सगळीकडे मिळते. रेल्वे नाही तिथे लाल सरकारी बस जाते, आणि तिच्यात पुढची जागा भिक्खूंसाठी राखलेली असते. गावात फिरायला आपल्या पुण्याच्या बजाजच्या रिक्षा आहेत. भाडं आधी ठरवावं किंवा मीटरची रिक्षा बघावी.

किनाऱ्याच्या रेल्वेबद्दल मात्र दोन ओळींत उरकता येत नाही. कोलंबोहून गॉल-मातरकडे जाणारी गाडी समुद्राच्या इतकी जवळून जाते की भरतीच्या वेळी तुषार खिडकीवर येतात. २६ डिसेंबर २००४ रोजी पेरालिया गावाजवळ याच मार्गावर त्सुनामीने एक भरलेली गाडी उलथून टाकली. सतराशेहून अधिक माणसं गेली. पहिली लाट आल्यावर आसपासचे गावकरीही गाडी सुरक्षित समजून तिच्या आडोशाला आले होते. जगाच्या इतिहासात रेल्वेवर एवढा मोठा आघात दुसरा नाही. त्या गाडीचं ५९१ क्रमांकाचं इंजिन कॅनडाने दिलेलं होतं, नाव ‘मॅनिटोबा’. ते दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणलं गेलं. पेरालियाला स्मारक आहे. समुद्रस्नानासाठी हिक्कडुवाला जाणाऱ्यांनी तिथे थोडा वेळ थांबावं.

आता पुन्हा डोंगरात. पेराडेनियाला कँडीचा फाटा सुटतो आणि मुख्य मार्ग नावलपिटियावरून हॅटनकडे चढायला लागतो. डब्यात वडेवाले येतात. ‘इस्सो वडे’ म्हणजे डाळीच्या वड्यावर सबंध कोळंबी बसवून तळलेला वडा, सोबत कांदा आणि सुकी लाल मिरची. तो कित्येकदा शाळेच्या वहीच्या पानात बांधून मिळतो. माझ्या पुडीवर कुणा मुलाची गणितं होती, लाल शाईने तपासलेली. आरक्षित, वातानुकूलित डब्यात यातलं फारसं काही वाट्याला येत नाही, खिडक्याही उघडत नाहीत. मी नेहमी दुसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडकीच्या डब्यात बसते आणि तेच सुचवते.

या मार्गावरची माझी सर्वांत आवडती गोष्ट मात्र खिडकीबाहेरच्या देखाव्यात नाही, स्टेशन मास्तरांच्या खोलीत आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून इथे टॅब्लेटची पद्धत वापरात राहिली. १८७४ मध्ये इंग्लंडात थॉर्पला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी टॅब्लेटचं यंत्र बनवलं. लगतच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. त्यात धातूच्या चकत्या, म्हणजेच टॅब्लेट, आणि प्रत्येक चकतीवर त्या दोन स्टेशनांची नावं कोरलेली. एक चकती बाहेर आली की दोन्ही यंत्रं बंद. ती यापैकी कुठल्या तरी यंत्रात परत जाईपर्यंत दुसरी निघतच नाही. चकती ज्याच्या हातात, रस्ता त्याचा. आपल्याकडे एकेरी मार्गांवर टोकनचा गोळा चाले, तत्त्व तेच.

ओहियाला मी एकदा मुद्दाम उतरून राहिले होते. सकाळी धुकं इतकं दाट, की फलाटावरून समोरचा सिग्नल दिसत नव्हता. मास्तरांना माझा नाद कळल्यावर त्यांनी आत बोलावलं. “या, बघा. फक्त हात लावू नका,” म्हणाले. पुढच्या स्टेशनाहून घंटेचे ठोके आले, त्यांनी ठोक्यांनीच उत्तर दिलं, खटका दाबून धरला, आणि खालचा खण ओढल्यावर चकती निघाली. ती कातडी पिशवीत घालून बक्कल लावलं. पिशवीला हात सहज जाईल एवढं मोठं वेताचं कडं. गाडी आली तेव्हा इंजिनातल्या सहायकाने जुनं कडं खाली टाकलं आणि फलाटावरच्या माणसाने उंच धरलेलं नवं कडं दंडात अडकवून घेतलं. एका क्षणाचं काम, पण दीडशे वर्षांच्या आसपासची ही रीत आजही माणसांचे जीव राखते आहे. मला सिगिरियाच्या चित्रांइतकीच ती बघण्यासारखी वाटते.

हा मार्ग डोंगरात गेला तो कॉफीसाठी. मळेवाल्यांना कॉफी बंदरात आणायला बैलगाड्या पुरेनात. पण १८६९ मध्ये पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या दोन दशकांत कॉफी संपली. १८६७ मध्ये जेम्स टेलर यांनी लूलकंदुरा मळ्यात चहा लावला होता. त्याच चहाने डोंगर झाकले. रूळ १८८५ मध्ये नानू ओयाला पोचले तेव्हा कॉफी जवळजवळ गेलेली होती. तलवाकेलेच्या आसपास खिडकीतून हिरव्या गालिच्यांचे फोटो काढताना मधल्या लांबट, एका ओळीतल्या खोल्याही बघाव्यात. त्यांना लाइन म्हणतात. तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांची कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. १९६४ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यात सव्वापाच लाख माणसं भारताने आणि तीन लाख सिलोनने घ्यायची ठरली. डोंगरात जन्मलेली, भारत कधीही न पाहिलेली माणसं याच स्टेशनांवरून निघून तलैमन्नारच्या बोटीवर चढली.

ती बोट म्हणजे ‘बोट मेल’चा दुवा. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाल्यावर मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून तलैमन्नारला बोट आणि पुढे कोलंबोची गाडी, असा सलग प्रवास करता येई. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळाने धनुष्कोडी संपलं. बोट रामेश्वरहून सुरू राहिली, श्रीलंकेत यादवी पेटल्यावर तीही थांबली. युद्धात उत्तरेची रेल्वे उखडली गेली. भारताच्या इरकॉनने ती पुन्हा बांधली आणि २०१४ च्या ऑक्टोबरात यालदेवी गाडी २४ वर्षांनी जाफन्याला पोचली. तलैमन्नारचा मार्गही २०१५ मध्ये सुरू झाला. रामेश्वर-तलैमन्नारची ती बोटही पुन्हा सुरू व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे.

पट्टिपोला हे सर्वांत उंच स्टेशन, १,८९१ मीटर. पुढच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा बाहेर झड लागलेली असते आणि पलीकडे निघते तेव्हा ऊन, असा अनुभव नैर्ऋत्य मोसमी पावसात येतो, कारण डोंगराची धार इथे वाऱ्याला अडवते. सह्याद्रीच्या माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण नको. इदलगशिन्नाला रूळ धारेवरूनच जातात आणि दोन्ही बाजूंना दऱ्या दिसतात. म्हणून एकाच बाजूची खिडकी धरून बसू नये.

एल्ल्याजवळचा नऊ कमानींचा पूल आता जगभर प्रसिद्ध आहे. दगड, विटा आणि सिमेंटचा, पोलादाशिवाय बांधलेला, देखणा आहेच. पण माझं मन देमोदरात आहे. इथे उतार इतका तीव्र होता की रूळ सरळ उतरवता येईनात. म्हणून मार्ग टेकडीभोवती पूर्ण फिरवला आणि तो स्टेशनाच्या बरोबर खालच्या बोगद्यातून काढला. मुकादमाने फेटा सोडून पुन्हा गुंडाळला तेव्हा अभियंत्याला ही युक्ती सुचली, असं तिथे सांगतात. उतरावं, गाडीला निरोप द्यावा आणि फलाटाच्या टोकाला उभं राहावं. गेलेली गाडी काही मिनिटांनी आपल्या पायांखालून बाहेर पडते. मी तिथे थांबले होते तेव्हा शाळेतून घरी निघालेली मुलंही दप्तरं खाली ठेवून कठड्याशी आली होती. त्यांना ते रोज दिसत असणार.

रूळ बंडारवेलाला १८९४ मध्ये आले आणि तिथून बदुल्ल्याला पोचायला १९२४ उजाडलं. आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं आणि भराभर संपतं. न मिळालं तर फोर्टला लवकर जाऊन विनाआरक्षित तिकीट काढावं, त्यात काही कमीपणा नाही. पावसाळ्यात दरडींमुळे मार्ग बंद पडतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. दाराबाहेर लटकून फोटो काढू नयेत. बोगद्यांच्या भिंती डब्यापासून हातभरही लांब नाहीत आणि तिथे माणसं दगावली आहेत. बदुल्ल्याला रात्रीचा मुक्काम करावा आणि परत येताना दिवसाचीच गाडी घ्यावी. जाताना धुक्यात गेलेलं ओहिया आणि त्याच्याजवळच्या हॉर्टन प्लेन्स पठाराचे कडे परतीला दिसण्याची बरीच शक्यता असते.