‘मानापमान’च्या नव्या चाली

सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला ‘संगीत मानापमान’ १० जानेवारी २०२५ रोजी पडद्यावर आला. नाट्यसंगीतावर वाढलेल्या रसिकाला त्यात सर्वांत आधी खटकतात त्या शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे घ्यायचे आणि गाणी नवी करायची, हा अधिकार कोणी दिला? माझ्या मते तो नाटकाच्या मूळ चाली बांधणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीच दिला, आणि कोल्हापूरने तरी हे विसरू नये. १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा प्रेक्षकांच्या कानात साकी-दिंडी आणि कीर्तनी वळणाच्या चाली बसलेल्या होत्या. कोल्हापूरच्या या पेटीवादकाने पूरब अंगाच्या ठुमरीचा रंग आणून ती वाट मोडली. आज परंपरा म्हणून जपतो ते तेव्हा नवेच होते. पुढे ‘प्रभात’ने १९३२ मध्ये कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, त्याचे संगीत टेंब्यांचेच आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. पडद्याला साजेसे गाणे करण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती.

मग वाटेल ते चालेल का? नाही. श्रीमंत भामिनी शूर धैर्यधराला गरिबीपायी हिणवते, तो दुखावतो, आणि वनमालेच्या वेषात त्याला जवळून पाहताना तिचा ताठा उतरतो. हे उतरणे संवादांपेक्षा पदांत घडते. गायक नट ओळ घोळवतो, तेवढा वेळ प्रेक्षक त्या मनासोबत राहतो. ८ जुलै १९२१ च्या मुंबईतल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन स्पर्धक मंडळ्यांचे गायक समोरासमोर आल्यावर नाटकातली चुरस आणि गाण्यातली चुरस वेगळी राहिलीच नाही. चित्रपटात गाण्याची लांबी आधीच ठरते आणि गळा पार्श्वगायकाचा असतो. त्याबदल्यात कॅमेऱ्याला भामिनीचा चेहरा मिळतो, रंगमंचावर शेवटच्या रांगेला कधीच न दिसलेला. वैदेही परशुरामी यांच्या भामिनीचा कस तिथे लागतो. महाल आणि लढायांच्या भव्यतेला जितका वेळ द्यावा, तितका या मनपालटाचा वेळ घटतो. मला चित्रपटाची उणीव नव्या चालींपेक्षा इथे जाणवते.

चित्रपटामुळे नाटक मागे पडेल, ही भीती मला पटत नाही. प्रयोग थांबले की नाटक मागे पडते. केशवरावांच्या नावाचे कोल्हापुरातले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले. तिथे पुन्हा पडदा उघडेल तेव्हा टेंब्यांची पदे पूर्ण लांबीने गाणारे ‘मानापमान’ झालेच पाहिजे, आणि चित्रपट पाहून आलेल्या तरुण प्रेक्षकांना त्याचे आमंत्रण आधी जायला हवे.