फ्रान्सचा उडी मारणारा घोडा

मुलांनो, घोडा हा माणसाचा फार जुना सोबती. त्याने शेत नांगरले, ओझी वाहिली, लढाईत साथ दिली. पण ही सारी कामे यंत्रे करू लागली, तर घोड्याने काय करावे? फ्रान्समधील लोकांपुढे एकदा हाच प्रश्न उभा राहिला. ‘सेल फ्रान्से’ हा घोडा म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. ‘सेल’ म्हणजे खोगीर. सेल फ्रान्से म्हणजे फ्रान्सचा स्वारीचा घोडा.

फ्रान्सच्या वायव्येला समुद्रकिनारी नॉर्मंडी हा प्रांत आहे. तेथे पाऊस चांगला पडतो व हिरवीगार कुरणे आहेत. तेथील घोड्या दणकट होत्या, पण चपळ नव्हत्या. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांशी त्यांचा संकर करण्यात आला. या थरोब्रेडच्या पूर्वजांत अरबी घोडे होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? अशा रीतीने ताकद आणि वेग एकत्र आले. या घोड्यांना सैन्यात आणि गाडीला जुंपण्यासाठी मोठी मागणी असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र शेतात ट्रॅक्टर आले, रस्त्यावर मोटारी वाढल्या. घोडे पाळणाऱ्यांचा धंदा धोक्यात आला. तेव्हा त्यांनी घोडेस्वारीच्या खेळाकडे लक्ष वळवले. १९५८ मध्ये निरनिराळ्या प्रांतांतील अशा संकरित घोड्यांना ‘सेल फ्रान्से’ हे एकच नाव मिळाले.

हा घोडा खांद्यापाशी साधारणपणे १६० ते १७० सेंटिमीटर उंच असतो. रंग बहुधा तांबूस, किंवा काळी आयाळ असलेला तपकिरी. त्याचे मागचे पुठ्ठे भक्कम असतात. उडी घेताना तेच त्याला वर उचलतात. पण नुसती ताकद पुरत नाही. अंतराचा अंदाज हवा आणि स्वारावर विश्वासही हवा.

१९७५ मध्ये जन्मलेला जापलू हा याच जातीचा घोडा. त्याची उंची जेमतेम १५८ सेंटिमीटर होती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो अडथळ्यापुढे अडून बसला आणि त्याचा स्वार पिएर द्युराँ खाली पडला. पण दोघांनी सराव सोडला नाही. १९८८ मध्ये सोल येथे याच जोडीने सुवर्णपदक जिंकले!

जुने काम संपले म्हणून नॉर्मंडीचा घोडा संपला नाही. त्याच्या अंगचे गुण ओळखणारी माणसे त्याला भेटली. गुण ओळखून मेहनत केली, तर नवी वाट सापडते, हेच खरे.